निळ्या झबल्यातली कोंबडी

सापगाव, पौष

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे, दाजींचा खोकला आणि मुरबाडच्या घरची नवी फरशी, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालते. मी बरी आहे. फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही, म्हणून पत्र. (रागावू नका, तुमच्या भावालाही देत नव्हतात. ते नुसते हसायचे.)

विषय कोंबडीचा. तुमच्या स्वरूपचं लग्न जमावं म्हणून तुम्ही इथल्या गावदेवीला कोंबडी बोललात, लग्न जमलं, आणि माघातल्या जत्रेत द्यायची ती तांबडी माझ्याकडे वाढवायला ठेवलीत. तर तिला भर दुपारी मुंगसाने धरलं. मी अंगणात भात वाळत घालत होते. हाताशी काही नव्हतं म्हणून पायातली चप्पल फेकली, ती शेजारच्या चंदर भावजींच्या कपाळावर बसली. ते असे किंचाळले की मुंगूस कोंबडी टाकून पळालं. तिचा जीव आपणच वाचवला असं ते आता गावभर सांगतात. तेव्हा मात्र म्हणाले, "वहिनी, ही काय जगायची नाय. मसाला वाटा, भाकऱ्या मी आणतो."

पाठ सोलून निघाली होती. मिठाच्या पाण्याने धुतली, हळद लावली. घरगुती औषधांच्या पुस्तकात कोंबडीचं काही नव्हतं, म्हणून तान्ह्या बाळाचं प्रकरण वाचलं. (पुडीच्या कागदांवर अक्षरं लावत शिकलेली मी, पुस्तक सांगेल ते करते.) पातळ पेज द्यावी, ऊब द्यावी, बाळाशी सतत बोलावे. पेज आणि ऊब सोपी, पण बोलायचं काय? शेवटी तुमच्या भावाला सांगायचे तेच सांगू लागले: भाजी काय केली, कोण कोणाशी भांडलं. तीही त्यांच्यासारखीच डोळे मिटून ऐकते आणि मधेच एक हुंकार देते.

अंगणात सोडली तर बाकीच्या कोंबड्या लाल जखमेवर टोचा मारू लागल्या. तेव्हा पेटीतला यांचा निळा सदरा कापून तिला झबलं शिवलं. कोंबडा तिला बघून खुराड्यावर चढून बसला. अंबूबाई कुंपणावरून ओरडली, "बारसं कवा गो? पाळणा मी आणते!" मीही हसले. पण तो निळा सदरा तुळशीला वळसा घालून दाराकडे येताना पहिल्यांदा दिसला, तेव्हा चुलीवरची आमटी उतू गेली तरी मला कळलं नाही.

असो. अंगाला खोट असलेलं देवीला चालत नाही, हे तुम्हीच मला नवी नवरी असताना शिकवलंत. हिची पाठ उघडी, एक पाय ओढते. कळवताना फार वाईट वाटतं. नारळावर भागवावं लागेल.

तुमची,
गिरजा

ता.क. खोटं लिहून झोप लागायची नाही. जखम भरली, पिसं आली, पहिल्यापेक्षा चकचकीत दिसते. काल चंदर भावजींना वेशीपर्यंत पळवत नेलं. मी देवीसमोर नारळ ठेवून विचारून आले. ती काही बोलली नाही. नको असता तर बोलली असती.

आणखी ता.क. जत्रेला नक्की या. नारळ आणा, आणि यांचा एखादा जुना सदरा तुमच्याकडे राहिला असेल तर तोही. झबल्याची आता गरज नाही, पण धुवायला काढलं की दाराशी उभी राहून वाट बघते. (कोंबडी हो.)