आल्याची बाटली

रविवार, १४ मार्च
दुपारचे दोन

ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. भाचीची परीक्षा संपली असेल. तुझी चार ओळींची चिठ्ठी सोमवारी मिळाली. उत्तराला आठवडा लागला, कारण हॉस्पिटलात दोघी रजेवर आहेत आणि ऑपरेशनची हत्यारं धुऊन वाफेत घालायचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलंय. हे कारण खरं आहे, पण अर्धंच.

तू विचारलं आहेस, बाबांचा आंबवलेला चहा मी अजून करते का. करते. वैताग आलाय, पण करते. मागच्या महिन्यात डाळिंबाचा केला. बाटलीचं झाकण रोज सैल करून आतला वायू सोडायचा, हे बाबा शंभरदा सांगायचे. दोन दिवस विसरले आणि तिसऱ्या दिवशी बाटली फुटली. छतावरचे लाल डाग अजून गेलेले नाहीत. त्याआधी सफरचंद-दालचिनी केला, तो औषधासारखा लागला. पुदिन्याचा तर सांगूच नकोस. आल्याचा पाच वेळा केला. आलं किसून, ठेचून, काप करून, साल ठेवून, साल काढून. एकदाही बाबांसारखा झाला नाही. आमचे हे प्रत्येक वेळी एक घोट घेतात आणि म्हणतात, "चांगलाय की." त्यांच्या या चांगलाय कीने माझं डोकं आणखी फिरतं.

तुला वाटेल, एका चहावरून ही बाई एवढी का चिडते.

तुझ्या बरणीत चहावर तरंगून तो आंबवणाऱ्या बाबांच्या चकतीला बुरशी आली हे तू जानेवारीत फोनवर सांगितलंस, तेव्हा मी तुला काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बाबांची एक गोष्ट होती तुझ्याकडे, तीही सांभाळता आली नाही तुला." तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन नाही आणि माझाही नाही. आणि आता तू सगळा राग गिळून लिहितेस की माझ्याकडच्या चकतीचा एक थर काढून पाठव, म्हणजे बाबांचं पुन्हा सुरू करता येईल.

बुधवारीच मी पाठवणीची तयारी केली होती. छोट्या बरणीत चकतीचा थर, वर दोन वाट्या आंबट चहा, झाकणाखाली प्लास्टिक. चार दिवस ती बरणी टेबलावर आहे. रोज कामावर जाताना पिशवीत घालते आणि परत बाहेर काढते. काल हे म्हणाले, "पाठवून टाक ना. चकतीवर काय नाव लिहिलेलं असतं? ताईंना कळणारसुद्धा नाही."

कळणार नाही, हे खरंच आहे. म्हणूनच मला आज लिहायला बसावं लागलं.

ताई, ही चकती बाबांची नाही. बाजारातून आणलेली आहे. बाबांची माझ्याकडची चकती बाबा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यातच मेली, आणि ती मी मारली. बुरशीने नाही, हातांनी. बरणीत खाली तपकिरी धागे लोंबत होते, कडेला गाळ साचला होता. मला ते बघवेना. त्या दिवसांत मी सगळं घरच धूत सुटले होते, तू पाहिलं आहेस. मी चकती बाहेर काढली आणि आमच्या हत्यारांना देतात तसं तिला उकळतं पाणी दिलं. पाच मिनिटं, घड्याळ लावून. मग स्वच्छ बरणीत ताजा चहा करून सोडली. ती तळाला गेली. महिनाभर वाट पाहिली, वर साधी साय धरली नाही. बाबांनी मरायच्या आधी स्वतःच्या हाताने दोन थर सुटे करून एक तुला दिला, एक मला दिला, आणि मी माझा उकळला.

तुझा तरी होता म्हणून मी गप्प बसले. कधीतरी तुझ्याकडून मागून घेईन आणि कोणाला कळणार नाही, असं मनात होतं. तू बुरशीचं सांगितलंस तेव्हा तो आधारही गेला. मी ओरडले ते तुझ्यावर नव्हतंच. पण ऐकावं तुला लागलं.

आता एक गोष्ट उरली आहे. फ्रिजमध्ये मागच्या कोपऱ्यात बाबांच्या हातची एक बाटली आहे, आल्याची. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे, "आलं. झाकण जपून." दोन वर्षं मी ती उघडली नाही. आतापर्यंत नुसता आंबट अर्क झाला असेल. पण गळ्याशी एक पातळ पापुद्रा दिसतो, आणि बाबा म्हणायचे की अशा बाटलीतूनही नवी चकती धरते. धरेलच असं नाही. मला त्या बाटलीला हात लावायची भीती वाटते. माझ्या हातांचा मला भरवसा राहिलेला नाही.

ती पाठवता येणार नाही, वाटेत फुटेल. तूच ये. चहा मी करून गार करून ठेवीन, पण बरणी तू धू आणि झाकण तू काढ. मी लांब खुर्चीवर बसेन. चकती धरली तर तिचे दोन थर कर आणि तुझा-माझा दोन्ही तूच ने. नाही धरली तर उरलेलं आपण दोघी पिऊ, कसंही लागलं तरी.

रागाव, ते तुझं हक्काचं आहे. फक्त इथे येऊन रागाव. लहानपणी मी सारखी पुसत-धूत बसायचे म्हणून तू मला एका नावाने हाक मारायचीस. दोन वर्षांत ती ऐकली नाही, म्हणून आज मीच लिहिते.

तुझी,
फिनेल