अळणी चैत्र

२ एप्रिल १९६०, शनिवार
सकाळपासून हा चौथा तांब्या! हे पाणी पितात आणि लघवीला बाहेर धावतात, येतात आणि पुन्हा पितात. "मना घसा सुकी ग्या, प्रमिला." मुंबईच्या डॉक्टरांनी लिथियमच्या पुड्या दिल्यापासून चार वर्षं हेच. पण डोकं ठिकाणावर आहे ना? मग तहानेचं काय एवढं!

५ एप्रिल
नवस फेडतेय. यांचं वेड चार वर्षं परतलं नाही तर चैत्रभर घरात मीठ शिवायचं नाही, असं देवीला मीच बोलले होते. सासूबाई खूश. हे मुकाट्याने अळणी भाकरी खातात. पूर्वीचे असते तर ताट घेऊन शिंदखेडाभर मीठ मागत फिरले असते!

१० एप्रिल
बावन्न साली हे आठ दिवस झोपले नव्हते. नवव्या दिवशी दोन गाड्या जुंपल्या आणि अख्खी गल्ली सोनगीरच्या किल्ल्यावर नेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि यांचं भाषण — किल्ल्यावर कापूस लावणार म्हणे! मी हसून हसून खाली बसले. महिनाभराने यांना विहिरीच्या काठावरून ओढून आणलं, तेही मीच. मी ते विसरले नाही. पण आठवतो तो किल्लाच.

१३ एप्रिल
यांना ओकाऱ्या. हात थरथरतात. बोलणं जड झालंय.

१५ एप्रिल, धुळे
इथल्या डॉक्टरांनी यांची लघवी तपासली. म्हणाले, मूत्रपिंडं दमलीत. जेवणात काय देता? मी मोठ्या तोऱ्यात नवस सांगितला. ते ओरडलेच — "मीठ तोडलंत? अहो बाई, मीठ नसलं की हे औषध अंगात साठतं. त्याचं विष होतं!"
आम्हाला कोणी सांगितलं होतं? मेली मी! माझ्याच हाताने चारलं.

२३ एप्रिल
घरी आलो. हे उठून बसतात. डॉक्टरांनी सांगितलंय, आठवड्यानंतर रोज अर्धी पुडी, मीठ-पाणी भरपूर, दर महिन्याला तपासणी. घेतली तर मूत्रपिंडांना धोका, नाही घेतली तर वेड परतणार. यांना विचारलं. म्हणाले, "तू जे देशी ते मी खासू." इतका विश्वास! रडूच आलं मला.

३० एप्रिल
पुड्या मोरीत ओतल्या. सासूबाईंना सांगितलं, मूत्रपिंडांसाठी. इथे कशाला खोटं लिहू — मला माझा जुना माणूस परत हवाय.