पाच रेघांवरचा श्वास

आबा, तुमच्या त्या वहीबद्दल लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. आईही गेली. आता या गोष्टीनं ज्याचं मन दुखावेल असं माणूस उरलेलं नाही, माझं सोडून.

भोरच्या बँडमध्ये तुम्ही ट्युबा वाजवायचात. बाकीचे बँडवाले त्याला नुसतं बास म्हणायचे. ते पितळेचं अवजड धूड तुम्ही मांडीवर घेतलंत की तुमचा अर्धा चेहरा त्याच्यामागं जायचा. लग्नसराईत नसरापूर, किकवीपर्यंत वराती आणि उरलेलं वर्ष लाकडाच्या वखारीत काम. पण पलटणीच्या बँडात असताना तुम्ही पाच रेघांवर लिहिलेलं इंग्रजी संगीत वाचायला शिकला होतात आणि त्याचा तुम्हाला फार अभिमान होता. "कानानं वाजिवलेलं माणसाबरं जातं, लिवलेलं ऱ्हातं," असं म्हणायचात. पट्टीनं रेघा आखून त्यांच्यावर सूर मांडायला तुम्हीच मला शिकवलंत.

मी सातवीत होते त्या वर्षी आई भाताच्या लावणीला माझ्या धाकट्या भावाला घेऊन पासलीला माहेरी गेली. तो अडीच वर्षांचा. आठवड्यानं निरोप आला की पोराला खोकला धरलाय. आपण दोघं एसटीनं वेल्ह्यापर्यंत गेलो आणि पुढं पावसात चालत. मामाच्या घरात चुलीजवळच्या भिंतीला टेकून तुम्ही बसला आहात, तो तुमच्या मांडीवर आहे. एकामागून एक ढास लागते, तोंड निळं पडतं, आणि शेवटी हूं करून तो श्वास आत ओढतो. डांग्या खोकला. "दवाखान्यात न्यायचं तर ओढा उतरायला पायजे," मामा दर तासाला बाहेर जाऊन येतो आणि तेच सांगतो. ओढा उतरला नाही. दोन दिवस तुम्ही मांडी हलवली नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

भोरला परतल्यावर तुम्ही कितीतरी दिवस बासला हात लावला नाही. मग एका रविवारी, आई बाजाराला गेली असताना, मला हाक मारलीत. "वही घे. रेघा आख." तुम्ही ओठ लावलेत, पण सूर काढलाच नाहीत. नुसती हवा सोडलीत, मग जिभेनं तुटक तुटक ठोके दिलेत, मग वाद्यातूनच श्वास आत ओढलात. तो त्या नळ्यांतून घुमत आला. काय वाजवताय हे मला विचारावं लागलं नाही. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "त्याचा फोटू न्हाई आपल्याकडं. एवढंच हाय."

असले आवाज लिहायला पलटणीत कुणी शिकवलं नव्हतं. खुणा आपणच ठरवल्या. बिनसुराच्या हवेला पोकळ गोल. जिभेच्या ठोक्याला फुली. आत ओढलेल्या श्वासाला उलटा बाण. बासची कळ अर्धीच दाबून सूर घुसमटवायचात, त्याला अर्धा भरलेला ठिपका. आणि वाजवता वाजवता घशातून कण्हायचात, तेव्हा एकाच दांडीला दोन ठिपके. "आरं, हितं दम लांबला व्हता," तुम्ही मला थांबवायचात, "खोड ते. नीट लिव्ह." तीन रविवार चाललं हे. तिसऱ्या रविवारी आई लवकर परतली. पिशवी हातात तशीच, उंबऱ्यात उभी. "कोन खोकतंय?" तिनं विचारलं. तिच्या तोंडावर क्षणभर आशा होती, आबा. तुम्ही पाहिलीत की नाही ठाऊक नाही. मग तिला बास दिसला.

"माझं लेकरू गेलं, आन तुमी त्याचं मरान वाजिवताय?"

"तसं न्हाई गं. ऐक तरी."

ती कान दाबून तिथंच खाली बसली. तुम्ही बास गोणपाटात गुंडाळलात. पुढं वरातीत वाजवलंत, घरात कधी नाही. वही मात्र तुमच्या ट्रंकेत, पलटणीच्या कोटाखाली, माझ्या शाळेच्या जुन्या वह्यांमध्ये राहिली.

दिवाळीनंतर ती सापडेना. तुम्ही ट्रंक रिकामी केलीत, माळा पाहिलात, कणग्या सरकवल्यात, रद्दीवाल्याच्या दुकानातही जाऊन आलात. मी तुमच्याबरोबर शोधत होते. "तुज्या आईनं चुलीत घातली आसंल," शेवटी तुम्ही हळूच मला म्हणालात. तिला मात्र विचारलं नाहीत. त्या दिवसापासून तुमचं तिच्याशी बोलणं भाकरी आणि मीठ एवढ्यावर आलं. आईला अक्षरओळख नव्हती, माझ्या शाळेच्या वह्यांतून ती एक वही तिला वेगळी काढता आली नसती, हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही? तिनं मला एकदा विचारलं, "ह्यास्नी काय झालंय गं? माज्याशी बोलत का न्हाईत?" मी म्हणाले, ठाऊक नाही.

अकरा वर्षं हे चाललं. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात ती तुमच्या ओठांना पाण्याचा पेला लावते आहे आणि तुम्ही भिंतीकडं मान फिरवता. मी खाटेच्या पायथ्याशी उभी आहे. तेव्हाही मी बोलले नाही.

वही मी जाळली. तुम्ही वखारीत होतात, आई पाण्याला गेली होती. पानं एकेक करून चुलीत घातली. ट्रंकेत माझेही कपडे असायचे. दर वेळी झाकण उघडलं की मला ती वही दिसायची आणि तो खोकला माझ्याच अक्षरात ऐकू यायचा. आईसमोर हे कबूल करायचं मी तिच्या मरणापर्यंत पुढं ढकललं, आणि तुमच्यासाठी लिहिलेला हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा तेही मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत मी स्वतःला सांगत आले की मी रडत रडत ती वही जाळली. ते खरं नाही, आबा. शेवटचं पान जळालं तेव्हा मला हलकं वाटलं होतं.