काचेपलीकडच्या बाईंचा खांदा

ती. आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तितका). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं घोरणं? इकडे सर्व क्षेम, डावा कान सोडून. त्याचा पडदा फाटलाय, तो शिवायचा ठरलाय. (डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी कानाला काही इजा?" मी तुझं नाव सांगितलं.)

शिवण्याआधी ऐकण्याची तपासणी. बंद खोलीत कानांवर हेडफोन चढवून हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. समोर काच, पलीकडे यंत्रापाशी बाई. आता आपलं घराणं तुला ठाऊकच आहे: परीक्षा म्हटली की नापास व्हायचं नाही, मग ती रक्ताची का असेना. बाईंचा खांदा हलला की आवाज सुटतो, हे मी चटकन ताडलं आणि धडाधड बटण दाबत सुटलो. डॉक्टर खूश. "आतली हाडं शाबूत दिसतात. नुसता पडदा शिवू." मी कॉलर ताठ करतोय, तोच तुझी भावजय म्हणाली, "अहो डॉक्टर, यांच्या डाव्या कानाशी ताट आपटलं तरी हे ढिम्म! कसली शाबूत?"

मग मला भिंतीकडे तोंड करून बसवलं (या वयात!). कागदावर दोन रेघा उमटतात. एक कानातून आत गेलेल्या आवाजाची, दुसरी कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून ऐकवलेल्या आवाजाची. माझ्या रेघा भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींपासून लांब. डॉक्टर गंभीर झाले. म्हणे, एवढं अंतर नुसत्या फाटक्या पडद्यानं पडत नाही. आवाज पुढे पोचवणाऱ्या इवल्या हाडांची साखळी बहुधा तुटलीय. नक्की काय ते उघडल्यावर कळेल, पण आता कृत्रिम हाड तरी हाताशी ठेवता येईल. "पहिल्या कागदावर विसंबलो असतो, तर कान दुसऱ्यांदा उघडावा लागला असता. एवढे मार्क घेऊन जाणार कुठे होतात?" डॉक्टर तेवढ्यावर थांबले. तुझी भावजय मात्र अजून बोलतेय, तेही मुद्दाम उजव्या बाजूनं.

बाकी मी मुळीच घाबरलेलो नाही.

तुझा,
पडदाफाटका भाऊ

ता. क. वरचं शेवटचं वाक्य लिहिताना ती खांद्यामागून वाचत होती. ऑपरेशन सोमवारी आहे. ये.

आणखी एक ता. क. पट्टी सुटेपर्यंत राहा. त्या दिवशी मी उजव्या कानात बोळा घालून बसेन, तू हाक मार. फक्त पाठीमागून मार. समोर दिसलीस तर न ऐकताच ओ देईन, आणि या खेपेला मला खरोखर पास व्हायचंय.