ताहितीच्या दोन खुर्च्या

सुलोचना,

शेजारी भागुबाईंकडे पापड लाटायला जाते आहे. वरणभात झालाय, भाजी तेवढी तू टाक. गाद्या उन्हात घालताना तुमच्या गादीखाली ताहिती बेटाचं चित्र सापडलं. मागे उत्तमच्या अक्षरात लिहिलंय, ‘आठ दिवस नुसतं लोळायचं.’ मग कसली भाजी! बघतच बसले. इथे जयपुरात नळाला करंगळीएवढी धार, अन् तिथे काय गं बाई ते पाणी! होडीची सावली थेट तळाशी दिसते.

मी आले की तुम्ही दोघं गप्प होता, ते ह्यासाठी होय? मला वाटलं, मला गावी धाडायचं ठरतंय.

उत्तमच्या नोकरीतल्या रेल्वे पासावर माझं नाव आहेच. चित्रात खुर्च्या दोनच आहेत, पण मला नको खुर्ची. मी वाळूत बसेन.

— आई