चार मिनिटांची रिकामी खुर्ची

तीर्थरूप अक्कास,

शेंडेफळाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी तीनच अंगं टेकली, उरलेली पाच पोचली असं समज.) भावोजींचे गुडघे काय म्हणतात? डावा अजून उजव्याचं ऐकत नाही का? इकडे सगळं ठीक आहे. तुझी भावजय माझ्यावर नेहमीइतकीच चिडलेली असते, म्हणजे तब्येत उत्तम.

टीव्ही केंद्राला चाळीस वर्षं होतायत आणि त्या समारंभाला यायला तू एका ओळीत नकार कळवलास, असं समजलं. थेट प्रक्षेपणातले गाजलेले क्षण पडद्यावर दाखवणार आहेत, आणि त्यात पहिला मान तुझ्या रिकाम्या खुर्चीला! (बाकी काही जपलं नाही मेल्यांनी, नेमकी हीच टेप सापडली.) लोक पुन्हा हसणार, हे तुझं म्हणणं खरं आहे. तरीही तू यावंस म्हणून हा पत्रप्रपंच.

अगं, काय दिवस होते ते! एकच स्टुडिओ, दोन कॅमेरे आणि दिवे असे की बातम्या संपेपर्यंत माणूस अर्धा शिजायचा. ते गुरांचे डॉक्टर आठवतात? सोबत आणलेल्या वासराने त्यांचं भाषण कागदासकट खाल्लं, आणि डॉक्टर पहिल्यांदाच न वाचता, फर्मास बोलले. आणि ते व्याख्याते, ज्यांची खुर्ची हळूहळू खचत गेली? गृहस्थ बोलायचे थांबेनात. कॅमेरामन बिचारा त्यांच्यामागोमाग गुडघ्यांवर आला. चूक झाली की झाली. सगळ्या गावाने पाहिली, सगळं गाव हसलं, दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा हजर. मला फार आठवण येते गं त्या सगळ्याची.

तर त्या संध्याकाळी तू बातम्या वाचत होतीस आणि मी, तुझा सख्खा भाऊ, कॅमेऱ्याशेजारी उभं राहून हातवारे करायच्या नोकरीवर होतो. लाल दिवा लागला की तोंड बंद, सगळं हातांनी. दोन्ही हात ताणले की वेळ काढ, गळ्यावरून आडवा हात फिरवला की थांब. वाचताना माझ्या हाताशिवाय दुसरीकडे बघायचं नाही, हे तुला मीच पढवलं होतं. (चार वर्षांनी मोठ्या बहिणीला शिकवायला मिळतंय म्हटल्यावर जरा जास्तच तोऱ्यात.) आणि दिव्यांवर आलेला एक किडा माझ्या कॉलरमध्ये शिरला. मी तो झटकला. आडव्या हाताने.

तू "धरणाचे दरवाजे उद्या सकाळी" इथवर आली होतीस. तिथेच थांबलीस, नमस्कार केलास आणि उठून गेलीस. पुढची चार मिनिटं गावाने रिकामी खुर्ची पाहिली, आणि धरणाखालच्या माणसांनी फोन करकरून केंद्राला भंडावून सोडलं, की दरवाजे उद्या सकाळी काय?

साहेबांच्या खोलीत तू म्हणालीस, "माझंच चुकलं, घाबरले." मी दाराबाहेर उभा होतो. आत येऊन चार शब्द बोलायला मला काय धाड भरली होती? माझी नोकरी कायम व्हायला पंधरा दिवस उरले होते, ती झाली. तुला मात्र पुन्हा कधी बातम्या मिळाल्या नाहीत. तू एका शब्दाने बोलली नाहीस, आणि मी समारंभा-समारंभातून ते वासरू सांगून टाळ्या घेत राहिलो. लाज वाटते, अक्का. या वेळी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणार आहे.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं म्हणजे मी गेल्याच आठवड्यात ते सांगून टाकलं. केंद्रातली निर्मातीबाई (आपल्या नातीएवढी पोर) मुलाखत टिपून घ्यायला घरी आली होती. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आजोबा, बाई घाबरून पळाल्या हेच जास्त मजेशीर आहे. किड्याचं आम्ही कापू."

आणखी ता. क. : म्हणून समारंभात बोलायला वेळ मागून घेतलाय. तो थेट दाखवणार आहेत, तिथे कुणाला काही कापता येत नाही. पण समोर तू नसलीस, तर मला माझा भरवसा नाही. मी पुन्हा वासरूच सांगेन. पहिल्या रांगेत बस. एवढंच मागायला हे सगळं लिहिलं.