जागरणाच्या गोळ्या

पार्सिपनी
ऑक्टोबरचा तिसरा रविवार

प्रिय शुभा,

व्हॉट्सअ‍ॅप असताना ही बाई कागद खरडत काय बसलीय, म्हणून हसशील. हस. फोनवर आपला अर्धा तास तुझी शुगर आणि माझे गुडघे यातच जातो, आणि मी मुद्द्याशी आले रे आले की तू विषय बदलतेस. पत्र मात्र तुला शेवटपर्यंत ऐकावंच लागेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाचायचा कंटाळा करतेस हे ठाऊक आहे, तेव्हा ऋताला मोठ्यानं वाचायला सांग. डॉक्टरच्या लेकीला डॉक्टरचं अक्षर लागेल.

या आठवड्यात आपली होस्टेलची चौदा नंबरची खोली सारखी डोळ्यांपुढे येतेय. भिंतीला आलेली ओल, चोरून पेटवायचा स्टोव्ह, आणि व्हायव्हाला नेसण्यासारखी दोघींत मिळून एकच बरी साडी. आपले नंबर वेगवेगळ्या दिवशी आले की केवढा आनंद व्हायचा! आणि कॉटखालची ती हाडांची पेटी. तुझी आई लाडवांचा डबा घेऊन आली, फराळ समजून पेटी उघडली, आणि आतली कवटी बघून मटकन खालीच बसली. मग तिनं ओंजळभर पाणी शिंपडून खोली शुद्ध केली आणि आपल्याला अंघोळीला पिटाळलं. त्या लाडवांना चार दिवस फॉर्मलिनचा वास येत होता, तरी आपण ते संपवले. त्या खोलीइतकं मी पुढे कुठे हसले नाही गं, या एवढ्या मोठ्या घरातही नाही.

आता आर्यचं सांगते. विक्रमचा थोरला. तुम्ही आलात तेव्हा सात वर्षांचा होता, थालीपिठाला भोकं का पाडतात म्हणून तुझं डोकं खाल्लं होतं त्यानं. आता सोळाचा झालाय, शाळेच्या क्रॉस-कंट्री टीममध्ये पळतो, यंदा कॅप्टन. त्याच्या शाळेत एक नियम आहे. जी मुलं खेळात किंवा क्लबात असतात, किंवा शाळेच्या आवारात गाडी लावतात, त्यांची अधूनमधून ड्रग टेस्ट होते. आईवडील आधी संमतीची सही देतात. कॉम्प्युटर नंबर काढतो, आणि ज्याचा निघेल त्यानं वर्गातून उठून नर्सच्या खोलीत जायचं, कपात लघवी द्यायची. कुणी पाणी मिसळू नये म्हणून कमोडच्या पाण्यातही निळा रंग टाकून ठेवतात. सप्टेंबरअखेर आर्यचा नंबर निघाला, आणि आठवड्याभरानं विक्रमला तिथल्या डॉक्टरांचा फोन आला, की नमुन्यात अ‍ॅम्फेटामिन आहे, मुलाला कुणी लिहून दिलंय का. विक्रम त्यांच्यावरच ओरडला. आर्य जिन्यात बसून ऐकत होता. तो आपणहून खाली आला आणि म्हणाला, लॅबची काही चूक नाही. केमिस्ट्रीच्या टेस्टच्या अभ्यासासाठी एका मित्राकडून एक गोळी घेतली होती. मित्राला ती डॉक्टरनं दिलेली, याला नाही.

खरी गंमत पुढे आहे, गंमत कसली म्हणा. चार वर्षांपूर्वी हा नियम ठरवायला शाळेनं समिती नेमली, आणि गावातली एक रिटायर्ड डॉक्टर म्हणून मला बोलावलं. साडीवर स्नीकर घालून मी शाळेच्या लायब्ररीत तासभर भाषण ठोकलं. गांजा, कोकेन वगैरे त्यांच्या यादीत होतंच. अभ्यासासाठी खायच्या जागरणाच्या गोळ्याही यादीत हव्यात, हा हट्ट माझा. या गोळ्या काय करतात ते मला माहीत आहे, असं मी ठणकावून सांगितलं. कसं माहीत, ते कुणी विचारलं नाही. माझ्याच यादीत माझा नातू सापडला.

गोळी घेतल्याबद्दल महिनाभर टीमबाहेर, असा नियम. पण प्रिन्सिपलनी विक्रमला सांगितलं, की गोळी कुणी दिली ते नाव शुक्रवारपर्यंत आर्यनं सांगितलं तर शिक्षा दहा दिवसांवर येईल, नाहीतर पूर्ण महिना, म्हणजे उरलेला सीझनच गेला. आपली गोळी दुसऱ्याला देणं इथे फार मोठा गुन्हा, त्या मुलाला शाळेतूनच काढतील. आर्य नाव सांगेना. विक्रम समजावून थकला, मग चिडला, मग माझ्या खोलीत आला. 'आई, तो तुझं ऐकतो. तू डॉक्टर आहेस, तू त्याला एक्स्प्लेन कर. कॉलेजचे अ‍ॅप्लिकेशन्स तोंडावर आलेत, आणि हा कुणाला तरी प्रोटेक्ट करत बसलाय.' मी बरं म्हणाले. पण जेवताना आर्यचा चेहरा पाहिला. मान खाली, ओठ घट्ट, चिडचिड अजिबात नाही. हा चेहरा मी एकदाच पाहिला होता, शुभा, आणि तो तुझा होता.

तो मार्च तुलाही आठवत असणार. आपण त्याबद्दल इतक्या वर्षांत एक शब्द काढलेला नाही, तरी आठवत असणार. माझ्या मामांच्या दवाखान्यात सँपलच्या गोळ्या यायच्या, श्रीमंत बायकांना बारीक व्हायला द्यायचे त्या. झोप उडते म्हणून मी त्यांच्या खणातून मूठभर उचलल्या आणि हाडांच्या पेटीत, कवटीच्या आत लपवल्या. तू एकही खाल्ली नाहीस. तू आपली चहा पिऊन अ‍ॅनाटमीच्या पुस्तकावर डोकं ठेवून खुशाल घोरायचीस. रेक्टरबाई सकाळी स्टोव्ह शोधायला आल्या, पेटी उघडली, आणि विचारलं कुणाच्या. पेटी दोघींची होती. मी बोलणारच होते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले; खरं म्हणजे माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. तू म्हणालीस, माझ्या. माझ्या अप्पांनी मला एका वर्षाच्या बोलीवर पाठवलंय, असलं काही कानावर गेलं तर घरी नेऊन लग्न लावून टाकतील, हे तुला माहीत होतं. तुला परीक्षेला बसू दिलं नाही, सहा महिने गेले. दादा आपल्या लेकीला न्यायला आले. ट्रंक उचलताना मला म्हणाले, 'वसू, तू तरी हिला चार शब्द सांगायचे होतेस.' आणि मी मान खाली घालून हो म्हणाले.

गुरुवारी मी आर्यला म्हटलं, चल, मला इंडियन स्टोअरला घेऊन चल. तूरडाळ, पोहे, मेथीची जुडी मागच्या सीटवर ठेवली आणि त्याला म्हटलं, गाडी सुरू करू नकोस. मग सगळं सांगितलं. मराठीत सुरुवात केली, मध्येच इंग्रजीत गेले, पुन्हा मराठीत आले. तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत होता. मला वाटलं, विचारेल की मग मी काय करू. त्यानं ते विचारलंच नाही. तो म्हणाला, 'वेट, आजी. दॅट शुभा आजी? आपल्याकडे आली होती ती? तिला तू सॉरी म्हणालीस ना?' मी खिडकीबाहेर गाड्या बघत बसले. मेथीचा वास सुटला होता. रडले गं मी, त्र्याहत्तराव्या वर्षी, दुकानाच्या पार्किंगमध्ये.

शुक्रवारी त्यानं नाव सांगितलं नाही. सीझन गेला. काल टीमची शर्यत होती, तिथे हा पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा राहिला आणि घसा बसेपर्यंत ओरडला. मी विक्रमलाही सगळं सांगितलं, आणि तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतोय. बोलेल हळूहळू. गोळी वाईटच, त्याबद्दल मी आर्यला चांगलं फैलावर घेतलंय आणि पुढेही घेईन. पण नाव सांगितलं तर शिक्षा कमी, ही सवलत काढून टाका, असं मी समितीला लिहून पाठवलं. तिथल्या कुणाला एका ओळीत कारण हवं होतं. मी लिहिलं, की मला अशी सवलत एकदा फुकट मिळाली होती.

आता हे पत्र का लिहिलं ते. नऊ वर्षांपूर्वी याच घरात, जेवणाच्या टेबलावर ऋता गमतीनं म्हणाली होती, 'आमच्या आईला साधी समजू नका हं, होस्टेलमध्ये गोळ्या खाताना पकडली होती तिला!' सगळे हसले. तेव्हा मला कळलं की तू पोटच्या मुलीलाही खरं सांगितलेलं नाहीस. शुभा, मीही हसले. हसले, आणि ऋताला श्रीखंड वाढलं. तू माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाहीस, पुरी मागितलीस. दादा तर तेच खरं मानून गेले, त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं ते राहिलंच. म्हणून तुला वाचायला नको म्हटलं. ऋता, बाळ, हे तू वाचते आहेस ना? त्या गोळ्या माझ्या होत्या. तुझ्या आईनं त्यातली एकही खाल्ली नव्हती. हे वाक्य तिला पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून दाखव, आणि ती पाणी आण म्हणाली, गॅस बघ म्हणाली, तरी उठू नकोस.

चौदा नंबरमधली, अजूनही तुझीच,
वसू